३६५ दिवस, रोज एक फोटो : लेकुरवाळ्यांनी हा नेम कसा पाळावा?

३ सप्टेंबर २०२४ रोजी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मध्य प्रदेशातील सौंसर येथे माहेरच्या अंगणात मी मोबाइलवर एक फोटो काढला. माझ्या चार वर्षांच्या मुलीने आपल्या लाकडी नंदीच्या शिंगांना झेंडूची माळ गुंडाळली होती आणि ती माळ सारखी निसटत होती. एवढाच तो प्रसंग. रात्री मनाशी ठरवले, की उद्याही एक काढायचा, परवाही, आणि असे वर्षभर. २ सप्टेंबर २०२५ रोजी, महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दिवशी, ते वर्ष पुरे झाले. हाती ३६४ फोटो आले. एक कमी आहे. त्याविषयी पुढे सांगते.

रोज एक छायाचित्र काढण्याच्या या उपक्रमाला जगभर 'प्रोजेक्ट ३६५' म्हणतात. त्याविषयीचे मार्गदर्शन इंटरनेटवर मुबलक आहे. परंतु ते बहुधा अशा माणसासाठी लिहिलेले असते, ज्याला संध्याकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून एकट्याने फिरायला जाता येते. घरात लहान मूल, वडीलधारी माणसे आणि ठरल्या वेळेची नोकरी असणाऱ्याने हे कसे करावे, याचे उत्तर मला त्यात सापडले नाही. जे सापडले ते वर्षभराच्या चुकांतून सापडले, आणि त्यातली पहिली चूक माझ्या वडिलांनी दाखवून दिली.

गोव्यातील वाचकांना आमच्या मुलखाची थोडी ओळख करून द्यायला हवी. पांढुर्णा आणि सौंसर ही सातपुड्याच्या पायथ्याची, नागपूरच्या उत्तरेकडची गावे. १९५६ पूर्वीच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हा सारा प्रदेश एकाच राज्यात नांदत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला आणि सौंसर त्यात आले. शेतात संत्री आणि कापूस. सासर पांढुर्णा, माहेर सौंसर. आणि या दैनिकाच्या बातम्यांवरून मी रोज दुपारी तीन ते रात्री अकरा हात फिरवते, तो पांढुर्ण्यातील घरी बसून. डिचोलीच्या पालिकेची बातमी तपासताना शेजारच्या खोलीत मुलगी आजीकडे गोष्ट मागत असते. हे वेळापत्रक लक्षात ठेवावे. पुढचे सगळे त्याच्याभोवती फिरते.

नेम लहान हवा

सासूबाईंना सुरुवातीला हे प्रकरण कळेना. "काहून वं, रोज काय फोटू काढतं त्या पोरीचा?" असे त्यांनी आठवडाभर विचारले. मग एके दिवशी शेजारणीला सांगताना मी ऐकले, "सूनबाईनं नेम घेतला हाय." मला वाटते, त्यांच्याइतके अचूक नाव या उपक्रमाला दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

चातुर्मासात आपल्या आया-आज्या जे नेम घेत, त्यांची रचना पाहावी. रोज एक फूल वाहायचे, रोज ठरावीक वाती वळायच्या, एखादा पदार्थ खायचा नाही. कृती इतकी लहान, की बाळंतिणीच्या घरातही, पाहुण्यांच्या गर्दीतही ती पार पडावी. मोठा संकल्प करणारी बाई पंधराव्या दिवशी थकते. वाती वळणारी कार्तिकापर्यंत पोहोचते. नव्या वर्षाच्या उत्साहात 'रोज एक सुंदर छायाचित्र' असे ठरवणारे फेब्रुवारीत का गळतात, याचे कारण त्या 'सुंदर' शब्दात आहे. सुंदर ही अट काढून टाकावी. फोटो रोजचा असावा, त्याच दिवशी काढलेला असावा, आणि तो काढण्यासाठी मुलाला 'थांब', 'इकडे बघ', 'पुन्हा एकदा कर' असे सांगावे लागू नये. माझ्या नेमात एवढेच होते. त्यातली शेवटची अट मी तिसऱ्या दिवशी घातली, कारण दुसऱ्या दिवशी मुलगी वैतागून रडली होती.

व्यग्र माणसाने कॅमेऱ्याच्या नादी लागणे ही काही मोबाइलयुगातील गोष्ट नव्हे. मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड गोव्यातील वाचकांना ठाऊक आहेतच. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकी सांभाळून छायाचित्रे काढीत आणि १८५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत वावरत. तेव्हा काचेवर रसायन ओले असतानाच चित्र घेऊन ते लगेच धुवावे लागे. रोज एक फोटो म्हणजे रोजची निम्मी सकाळ गेली असती. आपल्यावर ती वेळ नाही. आपली अडचण उलट आहे : फोटो काढायला क्षणभर पुरतो, पण तो क्षण दिवसाच्या कोणत्या तासातून उचलायचा हे ठरत नाही.

भाऊबीजेचा हिशेब

३ नोव्हेंबर २०२४ रोजी भाऊबीज होती. सौंसरला गेले, तेव्हा तोवरचे ६१ फोटो वडिलांना टीव्हीच्या पडद्यावर लावून दाखवले. वडील निवृत्त शिक्षक. कोणतीही गोष्ट शेवटपर्यंत न बोलता पाहण्याची त्यांची सवय. शेवटचा फोटो सरकल्यावर ते म्हणाले, "ही पोरगी झोपूनच रायते का वं दिवसभर?"

सगळे हसले. मीही हसले. रात्री मोजले, तर ६१ पैकी ३८ फोटोंत मुलगी झोपलेली होती.

कारण उघड होते. अकरा वाजता काम संपे, लॅपटॉप मिटे, आणि तेव्हा आठवे की आजचा फोटो राहिला. मग झोपलेल्या मुलीचा हात, पाय, उशी, मच्छरदाणी. फोटो वाईट नव्हते. काही तर फार गोड होते. परंतु प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात तो कोणत्या दिवशी, किती वाजता काढला याची नोंद आपोआप होत असते. मोबाइलवर फोटो उघडून 'तपशील' पाहिला की ती दिसते. त्या नोंदी मी एकाखाली एक लिहून काढल्या. ११:१२, ११:०७, ११:३१, ११:०९. दोन महिने मी माझ्या मुलीला कोणत्या वेळी निवांत पाहत होते, याचा तो लेखी पुरावा होता. सकाळी डबा, आंघोळ, बालवाडीची घाई; दुपारी तिला तिचे वडील घेऊन येत तेव्हा मी स्वयंपाकघरात; तीन वाजता मी कामाला बसे. मुलगी जागी असतानाचा एकही तास माझा नव्हता, आणि हे मला फोटोंखालच्या आकड्यांवरून कळावे, याची लाज वाटली.

म्हणून या उपक्रमात उतरणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी पहिली सूचना करीन ती ही : दोन महिने झाले की फोटो पाहू नका, त्यांच्या वेळा पाहा.

कामाची पाळी बदलून मिळण्यासारखी नव्हती. मग घरातली बदलली. साडेबारा वाजता बालवाडीतून मुलीला आणायचे काम मी घेतले आणि दुपारचा स्वयंपाक तिच्या वडिलांकडे गेला. (पहिल्या आठवड्यातील भाजीविषयी न लिहिलेलेच बरे.) घर ते बालवाडी हे अंतर मोठ्या माणसाला आठ मिनिटांचे, चार वर्षांच्या मुलीबरोबर तीस मिनिटांचे. त्या तीस मिनिटांत कुंपणावरचे सरडे येतात, संत्र्यांच्या पेट्या भरलेले ट्रक येतात, चपलेत गेलेला खडा येतो. रोजचा फोटो तिथून येऊ लागला. उरलेल्या दहा महिन्यांत झोपलेल्या मुलीचे फोटो नऊ आहेत.

वाटाण्याचे रोप

रोज एक चित्र घेण्याचा मराठी माणसाचा सर्वांत नामवंत प्रयोग ११० वर्षांहून जुना आहे, आणि तोही लेकुरवाळ्या घरातच झाला. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन मुंबईला परतले. खिसा रिकामा होता आणि 'राजा हरिश्चंद्र' काढण्यासाठी कोणीतरी पैसे लावायला हवे होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. दिवसाला एक चौकट, असे सांगितले जाते. पडद्यावर ते दाखवले तेव्हा काही क्षणांत जमीन फुटली, अंकुर वर आला, रोप वाढले. 'अंकुराची वाढ' या चिमुकल्या चित्रपटाने भांडवलदाराचे मन वळवायला मदत केली, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यात रोहिताश्वाचे काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केले. पुढे मुलगी मंदाकिनी हिने 'कालिया मर्दन' चित्रपटात बालकृष्ण साकारला. पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत सारे सांभाळीत. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये भिंत नसलेले ते घर होते.

फाळक्यांच्या वाटाण्यातून शिकण्यासारखे असे, की कॅमेरा हलला नाही. हलायचे ते रोपाने. रोज नवा कोन, नवा विषय शोधत बसलो तर वर्षाअखेर ३६५ सुटे फोटो हाती येतात. एक जागा स्थिर ठेवली तर बदल दिसतो. रोज ते जमण्यासारखे नव्हते, म्हणून मी १० नोव्हेंबर २०२४ पासून दर रविवारी दुपारी घराच्या दारात एकाच ठिकाणी उभे राहून एकच चौकट घेऊ लागले : उंबरठा, दाराची कडी, आणि तिथे जे कोणी असेल ते. असे ४३ रविवार झाले.

त्यात मुलीची उंची कडीच्या दिशेने सरकताना दिसते, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते ऊन. आमचे दार दक्षिणेकडे आहे. डिसेंबरच्या फोटोंत उन्हाचा पट्टा उंबरठा ओलांडून खोलीच्या मध्यापर्यंत येतो. मार्चमध्ये तो दाराशी थबकतो. जूनमध्ये घरात उन्हाचा थेंब नाही. पांढुर्णा साधारण साडेएकवीस अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस इथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो, म्हणून किरण तिरपे आत शिरतात. जूनमध्ये तो डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. शाळेत भूगोलात हे शिकले होते. घरात ते दर वर्षी घडत होते. सहा वर्षे त्या घरात राहून मी ते पाहिले नव्हते.

इथे आमच्या गावांशी निगडित एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नागपूर ते छिंदवाडा अशी नॅरोगेज गाडी सौंसरवरून जात असे. आम्ही सगळे तिच्या शिटीवर लहानाचे मोठे झालो. रूळ रुंद करण्यासाठी २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली. माहेरच्या कपाटात लग्नांचे, बारशांचे, सहलींचे सात अल्बम आहेत. त्या गाडीचा एकही फोटो नाही. रोज जाणाऱ्या गाडीचा फोटो कोण काढणार?

काढण्यापेक्षा निवडणे अवघड

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगते, कारण त्यांचा बाऊ करण्याजोगे काही नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच आणि आतला प्रकाशग्राही तुकडा दोन्ही लहान असतात. रात्रीच्या दिव्यात पुरेसा उजेड गोळा करण्यासाठी कॅमेरा आपली झडप अधिक वेळ उघडी ठेवतो आणि तेवढ्यात मूल हलते. म्हणून घरातले फोटो पुसट येतात. त्याला महाग मोबाइल हे उत्तर नव्हे, खिडकी हे आहे. खिडकीपासून दोन हातांवर, उजेड बाजूने येईल असे मूल खेळत असेल तर साधा मोबाइलही चुकत नाही. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात; तेव्हा झाडाची किंवा पडवीची सावली शोधावी. मे महिन्यात आमच्याकडे तशीही सावलीवाचून गत नसते.

साठवणीचा प्रश्न लोक उगाच मोठा करतात. एक फोटो चार एमबीचा धरला तरी वर्षाचे दीड जीबीच्या आत भागते. प्रश्न उद्भवतो तो दिवसाला वीस फोटो काढून एकही न पुसल्यामुळे. वीस गुणिले ३६५ म्हणजे ७,३००. ते कोणीही पुन्हा पाहत नाही. उपसंपादकाच्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली आहे, की मजकूर छाटण्याचे काम त्याच रात्री झाले नाही तर कधीच होत नाही. रोज झोपण्यापूर्वी एक फोटो निवडून वेगळ्या अल्बममध्ये ठेवावा आणि नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे : २०२५-०२-१४ असे. मग संगणक ते आपोआप ओळीने लावतो. महिन्यातून एकदा दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवावी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते आणि तिच्यातील वेळेची नोंदही निघून जाते. जशीच्या तशी पाठवायची तर दस्तऐवज म्हणून पाठवावी.

आणि हे फोटो जगाला दाखवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या फोटोंच्या मालिकेत मुलाची शाळा, रस्ता आणि वेळ तिघेही आपोआप उघड होतात. मोबाइलवर ठिकाणाची नोंद सुरू असेल तर घराचा पत्ताही. मुलांच्या छायाचित्रांवरील हक्काच्या रक्षणासाठी फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तोही आईबापांनाच उद्देशून. माझ्या ३६४ पैकी एकही फोटो या लेखासोबत नाही तो याच कारणाने. संपादकांनी मागितला होता.

याहून गंभीर आक्षेप असा घेतला जातो, की फोटो काढणारा माणूस त्या क्षणी तिथे नसतोच. हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवले आणि काही वस्तूंचे फोटो काढायला, काही नुसत्या पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी, ज्यांचे फोटो काढले होते त्या वस्तू त्यांना कमी आठवत होत्या. जणू कॅमेऱ्यावर सोपवले की मन मोकळे होते. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो घेतला असेल, तर स्मरण तितके घसरले नाही. मी यातून स्वतःपुरता नियम केला : आधी पाहायचे, मग हवा तो एक तपशील घ्यायचा, दोनदापेक्षा जास्त बटण दाबायचे नाही, आणि मोबाइल पिशवीत. न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंगस्टन ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढू लागला आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, कर्करोगाने जाईपर्यंत त्याने तो क्रम चालवला. सहा हजारांहून अधिक फोटो. पोलरॉइडचा कागद महाग, आणि दिवसाला एकच घ्यायचा हा त्याचा नेम. मग आधी पाहणे आलेच. आपल्याला ती टंचाई स्वतः निर्माण करावी लागते.

संत्र्याच्या आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि सारा मुलूख त्यांच्या वासाने भरतो. त्या दिवसांतले माझे फोटो अगदी सामान्य आहेत. पांढरी बारीक फुले, दुसरे काही नाही.

२० फेब्रुवारी

आता राहिलेल्या एका दिवसाविषयी. १७१ वा दिवस, २० फेब्रुवारी २०२५. पहाटे मुलीचा ताप चढला तो उतरेना. आदल्या तीन दिवसांपासून तो अधूनमधून येत होता. सकाळी तिला घेऊन आम्ही नागपूरला गेलो. घाईत माझा मोबाइल घरी चार्जिंगलाच राहिला. तिच्या वडिलांचा मोबाइल होता. त्यावर फोटो काढता आला असता. मला तो काढायचे सुचलेही नाही. दवाखान्यातील बाकावर दिवस गेला. रात्री दहानंतर ताप उतरू लागला, आणि नेम आठवला तेव्हा तारीख बदलून गेली होती.

दुसऱ्या दिवशी एक मोह झाला, तो कबूल करते. मुलगी खाटेवर बसून संत्रे सोलत होती. तो फोटो काढून त्याची तारीख एक दिवस मागे नेणे अवघड नाही. पोटातली नोंद बदलून देणारी साधने फुकट मिळतात. कोणाला कळले असते? परंतु ज्या माणसाचे पोट बातमीवरची तारीख आणि गाव बरोबर लिहिण्यावर चालते, त्याने हे करू नये. तो फोटो २१ तारखेचा म्हणूनच ठेवला. २० तारखेच्या जागी त्याच मापाचे कोरे कार्ड घातले.

एक दिवस चुकला की अनेक जण उपक्रमच सोडतात. चातुर्मासाचा नेम खंडित झाला, तरी आज्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बसत आणि राहिलेले पुढे भरून काढीत. आधुनिक अभ्यासही वेगळे सांगत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. माझ्यापुरते म्हणाल तर साधारण डिसेंबरपासून फोटो आठवावा लागेनासा झाला. साडेबाराच्या वाटेवर तो आपोआप निघे.

वर्षाचा शेवट मात्र लांबला असे घरच्यांना वाटले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी पोळा आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "झालं न तुयं वरीस!" मी मोजले, तो ३५४ वा दिवस होता. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे असते. पोळ्यापासून पोळ्यापर्यंत त्यांचे वर्ष पुरे झाले होते, माझे अकरा दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार. जाम नदीच्या पात्रात झेंडा लावलेले पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून लोक परस्परांवर दगड फेकतात. दर वर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत, आणि बंदीचे प्रयत्न आजवर टिकलेले नाहीत. त्या दिवशी बाहेरून छायाचित्रकार येतात. माझ्या ३५५ व्या फोटोत आमच्या खिडकीतून दिसणारी निर्मनुष्य गल्ली आहे, आणि गजांना धरून उभी मुलगी. नंदी तिच्या काखेत आहे.

विसर्जनाच्या दिवशी शेवटचा फोटो काढला : महालक्ष्म्यांचे मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवणारे सासूबाईंचे हात. नंतर सगळे फोटो चार बाय सहाच्या कागदावर छापून घेतले. छापलेलेच खरे, असे माझे मत आहे. मोबाइल तीन वर्षांत बदलतो. मी स्वतः त्यांतल्या चारच फोटोंत आहे. चारही मुलीने काढलेले; दोनांत फक्त कोपर आणि लॅपटॉपची कड.

तो गठ्ठा घेऊन सौंसरला गेले. वडिलांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून एकेक फोटो उलटायला घेतला. झोपलेली नात पुन्हा अडतीसदा पाहून झाली. या वेळी ते काही बोलले नाहीत. कोऱ्या कार्डापाशी ते थांबले. हे काय, असे विचारले. मी तारीख सांगितली. त्यांनी पेन मागितले आणि कार्डावर, फळ्यावर लिहीत त्याच वळणदार अक्षरात लिहिले : "गुरुवार. रात्री साडेदहाला जावयाचा फोन. ताप उतरतो आहे." मग पुढचा फोटो उलटला.